आमची वाटचाल : एका मनोऱ्यातले ३६ टीव्ही

नाशिकमध्ये पिक्चर ट्यूबचे सेट घरोघरी होते तोवर आमचं काम दुरुस्तीचं. सपाट टीव्ही आले आणि दुरुस्ती म्हणजे पॅनेल बदलणं एवढंच उरलं. त्याच सुमारास व्हिडिओ शिल्पाचं पहिलं काम आलं : एकावर एक रचलेले जुने टीव्ही, प्रत्येकावर कलाकाराने ठरवलेलं चित्र. आज आमचं निम्मं काम हेच आहे, आणि त्याला लागतं ते बहुतेक जुन्या दुरुस्तीतलंच.

या प्रकारातलं सगळ्यांत मोठं नाव नाम जून पाइक. त्याने १९८८ मध्ये दक्षिण कोरियात, ग्वाचनच्या राष्ट्रीय संग्रहालयात १,००३ टीव्हींचा मनोरा उभा केला. २०१८ मध्ये तो बंद ठेवावा लागला. २०२२ मध्ये परत लागला तेव्हा ७३७ सेट ट्यूबचेच राहिले, वरचे २६६ सपाट पॅनेलचे झाले. एवढ्या मोठ्या संग्रहालयालाही सगळ्या ट्यूबा टिकवता आल्या नाहीत. म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही कलाकाराला विचारतो, ट्यूब मिळेनाशा झाल्या तर काय बदललेलं चालेल? कोणाला फक्त टीव्हीचा खोका हवा असतो, आत पॅनेल चालतं. कोणाला फुगीर काच आणि तिच्यावरच्या रेघाच हव्या असतात. उत्तर कागदावर, सहीनिशी घेतो. ३६ सेटच्या कामाला त्याच मॉडेलचे आणखी १२ भंगारवाल्यांकडून गोळा करून ठेवतो. चेसिस (आतला सर्किट बोर्ड) एकच असली की एका मेलेल्या सेटवर तीन सेट जगतात.

२१ इंची सेट साधारण २२ किलोचा. ३६ म्हणजे आठशे किलोच्या आसपास, सांगाडा वेगळा. हे वजन मधोमध नसतं. जाड काच पुढे असल्यामुळे सेट पुढे झुकायला बघतो. नवा फॅब्रिकेटर फळी सपाट करून देतो आणि महिन्याभरात पुढची कड वाकलेली दिसते. आम्ही ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपचा सांगाडा अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, करून घेतो, फळीला मागे किंचित उतार, पुढे २० मिलीमीटरचा ओठ, आणि प्रत्येक सेटला पट्टा. खाली १० मिलीमीटरची प्लेट, ती जमिनीत धरायला ८ अँकर फास्टनर. वेल्डिंग सगळं वर्कशॉपमध्येच. जागेवर फक्त नट-बोल्ट. सेट बसवल्यावर कोणी शेजारी वेल्डिंग केलं तर लोखंडात चुंबकत्व उतरतं आणि पडद्यावर जांभळे-हिरवे डाग येतात. सेटची स्वतःची डिगॉसिंग कॉइल (चुंबकत्व काढणारी तारेची गुंडाळी) ते नेहमीच काढू शकत नाही, मग हातातली गोल कॉइल फिरवावी लागते. सेट आडवा किंवा उलटा बसवायचा असेल तरीही तेच, शिवाय हवेची भोकं कुठे गेली तेही बघायचं.

आता लाइट. एक सेट ७५ वॅट धरला तर ३६ चे २,७०० वॅट, म्हणजे १२ अँपिअर. कागदावर १६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. प्रत्यक्षात बटण दाबताक्षणी तो पडतो, कारण सुरू होताना प्रत्येक सेटची डिगॉसिंग कॉइल सेकंदभर कित्येक अँपिअर ओढते. म्हणून सहा-सहाचे सहा गट, प्रत्येकाला टाइमर, मध्ये ५ सेकंद. लाइट गेली तर कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारा मोठा स्विच) सुटतो आणि आल्यावर ५ मिनिटं परत लागत नाही. आल्याआल्याचा उसळलेला व्होल्टेज सेटला मारतो. सगळे सेट एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर. वायरमन लोड वाटायला तीन फेज देतो, हेतू चांगला असतो, पण अर्थ वेगवेगळे झाले की चित्रातून एक आडवा पट्टा हळूहळू वर सरकत राहतो आणि शिव्या चित्र सोडणाऱ्या प्लेअरला बसतात.

प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर चालतो. ४ नंबरच्या पायची ३.५ मिलीमीटरची एव्ही वायर मात्र बघून घ्या : बाजारातल्या बऱ्याच वायरींमध्ये व्हिडिओ आणि ग्राउंडची जागा उलटी असते, मग चित्रच येत नाही. दुसरं, त्याची मूळ सेटिंग एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीची आहे. जुना सेट फक्त पाल (PAL, आपल्याकडची पद्धत) वाला असेल तर चित्र काळं-पांढरं येतं, वर-खाली फिरतं, आणि माणूस निष्कारण मागचं झाकण उघडतो. सेटिंग पालवर नेली की रंग जागेवर. मेमरी कार्ड फक्त-वाचनावर (रीड-ओन्ली) ठेवायचं, नाहीतर दोन-तीनदा लाइट गेली की बिघडलं. एका सिग्नलवर अनेक सेट लावायचे तर डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर वापरा, तो प्रत्येक सेटला पूर्ण ताकदीचा सिग्नल देतो. नुसत्या टी-जोड्यांनी चित्र फिकं पडत जातं.

सगळ्यांत जास्त सेट मरतात ते उष्णतेने. मनोऱ्याच्या चारही बाजूंना पडदे असले की मधली पोकळी चिमणी होते आणि खालची गरम हवा वरच्या सेटच्या पाठीत शिरते. एप्रिलमध्ये हॉलमध्ये ३८ अंश असतात तेव्हा वरच्या ओळीमागे ५० च्या पुढे काटा जातो. कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, त्यामुळे बिघाडाची वही उघडली की वरच्या दोन ओळींचेच नंबर जास्त. पोकळीच्या माथ्यावर एक्झॉस्ट, खाली जाळी, आणि जाळीमागे मऊ फिल्टर दर पंधरवड्याला धुवायचा.

पावसाळ्यात तक्रार वेगळी. ओलसर हवेत एलओटीच्या (ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) जाड वायरीजवळ चर्र आवाज आणि ओझोनचा वास आला की समजावं, अ‍ॅनोड कॅपखाली (ती वायर ट्यूबला लागते तिथल्या रबरी टोपीखाली) धूळ आणि ओल साठली आहे. कधी पालही आत सापडते, तिला ऊब आवडते. उपाय साधा : आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, सुकवून, सिलिकॉन ग्रीस. आणि प्रदर्शन बंद असलं तरी रोज दोन तास सेट चालू ठेवा.

हे झाकण उघडणं मात्र दोघांनीच करायचं काम. २१ इंचीच्या अ‍ॅनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात. स्क्रूड्रायव्हरची वायर ट्यूबच्या बाहेरच्या अर्थ जाळीला बांधायची, मेनच्या अर्थला नाही, आणि दोनदा डिस्चार्ज करायचं, कारण ट्यूब थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा चार्ज घेते. मेन फिल्टर कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट; तो १०० वॅटच्या बल्बने रिकामा करतो.

देखरेख करणाऱ्याला आम्ही एकच गोष्ट पाठ करायला लावतो. पडद्यावर फक्त एक चकचकीत आडवी रेघ उरली, तर तो गट लगेच बंद करायचा. चित्र वर-खाली पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीचा ड्राय सोल्डर (सुटलेला सांधा) असतो, दुरुस्ती अर्ध्या तासाची, पण तासभर रेघ तशीच राहिली तर फॉस्फर (काचेमागचा चमकणारा थर) जळून तिचा डाग कायमचा बसतो. मेलेली ट्यूब परवानाधारक ई-कचरा प्रक्रियेवाल्यालाच द्यायची. तिच्या काचेत शिसं असतं, आणि आत निर्वात असल्यामुळे ती फुटली तर काचा उडतात, म्हणून नेतानाही तोंड खाली, गादीवर.