सरहद्दीवर हातोहात दिलेली तार

दूरसंचाराच्या इतिहासातले एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात अनेक ठिकाणी तारायंत्राची तार देशाच्या सरहद्दीपाशी संपत असे. तिथला कर्मचारी आलेला मजकूर कागदावर उतरवून घेई, गरजेप्रमाणे त्याचे भाषांतर होई, तो कागद पलीकडच्या कर्मचाऱ्याच्या हाती दिला जाई आणि मग दुसऱ्या यंत्रावरून तीच तार पुढे रवाना होई. विजेच्या वेगाने आलेला निरोप त्या चार पावलांपुरता माणसाच्या चालीने जाई.

ही अडचण कोणत्याही नव्या शोधाने नव्हे, तर करारामुळे दूर झाली. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० देशांनी समान नियम, मोर्स लिपी आणि दरआकारणीची एकच पद्धत मान्य केली. त्यातून जन्मलेला संघ म्हणजेच आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. बिनतारी यंत्रणेच्या बाबतीत हे अधिकच अवघड होते, कारण बिनतारी यंत्रे बनवणाऱ्या मार्कोनी कंपनीची केंद्रे इतर बनावटीची यंत्रे वापरणाऱ्या जहाजांशी बोलण्यास नकार देत. भर समुद्रात यंत्राचा निर्माता कोण हे पाहून उत्तर द्यायचे, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. १९०६ च्या बर्लिन परिषदेने जहाज आणि किनारा यांच्यातील संदेशांसाठी हा भेद मोडून काढला आणि एसओएस हा संकटसंकेत ठरवला.

मात्र नियम एक झाले, तरी सोय सर्वांपर्यंत पोहोचली नाही. १९८४ च्या अखेरीस याच संघाने नेमलेल्या मेटलँड आयोगाने दाखवून दिले की एकट्या टोकियोत संपूर्ण आफ्रिका खंडापेक्षा जास्त टेलिफोन आहेत. माझ्या मते सहकार्याची खरी कसोटी इथेच लागते, कारण रेडिओ लहरींच्या वारंवारिता वाटून घेण्यात प्रत्येक देशाचा स्वार्थ असतो, पण दूरच्या बेटापर्यंत केबल नेण्याचा खर्च उचलण्यात तो सहज दिसत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाला शेजारच्या फिजीशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. जगाशी जोडणारी अशी केबल त्या देशाकडे ती एकच होती. दुरुस्तीचे जहाज पापुआ न्यू गिनीहून यावे लागले आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे गेले. देशांतर्गत केबलही तुटल्यामुळे बाहेरच्या बेटांना मात्र २०२३ च्या मध्यापर्यंत उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवरच भागवावे लागले.