काकू, तुम्ही पाहिलंत ना?

"आता तुझी लेकही खेळत नाही, पैसे मिळत नाहीत, मग डिसेंबरच्या थंडीत तिथे राबायला कशाला जातेस?" जाऊबाई विचारतात, सोसायटीत विचारतात. मी "हौस" म्हणून मोकळी होते. ते काही खरं नाही.

काम म्हणाल तर हमालीच. मुलांच्या टेनिस स्पर्धेत सकाळी साडेसहाला कोर्टवरचं दव वायपरने ओढायचं, नेट मधोमध 3 फूट भरतंय ना बघायचं, बॉल मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. तेवढ्यात फोन: "ताई, द्वारकेला अडकलोय, वॉकओव्हर देऊ नका!" म्हणजे न खेळताच समोरच्याला जिंकवू नका. नाशिकच्या त्या द्वारका चौकात कोण अडकत नाही? पण ते ठरवणार रेफरी. मी कोणी नाही.

2025 पासून विम्बल्डनला लाइन जज नाहीत, यंत्रच 'आऊट' म्हणतं. आमच्याकडे ते कधी नव्हतेच. आपल्या बाजूची लाइन पोरांनीच बघायची. शंका आली तर पॉइंट समोरच्याचा.

तीन वर्षांपूर्वी मुलींची मॅच होती. तिसरा सेट, टायब्रेक, 5-5. आता सलग दोन पॉइंट घेईल तिची मॅच. मी पाण्याचा जार ठेवायला कोर्टाभोवतीच्या जाळीशी गेले होते, नेमकी बेसलाइनच्या रेषेत. पलीकडच्या पोरीचा फोरहँड लाइनवर पडला. पिवळं आणि पांढरं मला एकत्र दिसलं. अलीकडची क्षणभर थांबली, जाळीमागे वडिलांकडे बघितलं आणि बोट वर केलं. आऊट.

पलीकडची चालत नेटपर्यंत आली. रेफरीला नाही, मला म्हणाली, "काकू, तुम्ही पाहिलंत ना?"

"बाळा, मला बोलता येत नाही. सरांना बोलावते."

सर आले. मातीच्या कोर्टवर बॉलचा ठसा तरी राहतो, हार्ड कोर्टवर काय बघणार? कॉल कायम. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचंही नसतं. पुढच्या पॉइंटला तिच्या दोन्ही सर्व्हिस चुकल्या, डबल फॉल्ट. संपलं. बॉल खरं तर जिंकणाऱ्याने आणून द्यायचे. हिने आणले. तिन्ही माझ्या तळहातावर एकेक करून ठेवले, वर न बघता.

तेव्हा मी स्वतःला बजावलं, नियम म्हणजे नियम. काकवा बोलायला लागल्या तर प्रत्येक जाळीमागे एक काकू उभी राहील. आणि तिला काय दिसेल ते मला चांगलं ठाऊक आहे. माझी लेकसुद्धा अशीच बोटं वर करायची, आणि मी मागून "कमॉन!" ओरडायचे. म्हणून त्या दुसऱ्या पोरीवर मला धड रागावताही येत नाही.

पण मॅच संपल्यावर "हो गं, लाइनवर होता" एवढं म्हणायला कुठला नियम आड येत होता? बॉल हातात घेतले आणि "छान खेळलीस" म्हणाले. छान खेळलीस!

प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, मला तो शब्द आवडत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी बोलेन, असंही छातीठोक सांगणार नाही. ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, लागला की आधी तिचं नाव शोधते, एवढं खरं. दोन वर्षं दिसलं नाही. वयोगट बदलला असेल.

यंदा वायपर घरूनच नेणार आहे. तिथल्याचं रबर पार झिजलंय.