आयपी आमचा, नाव भलत्याचंच

होस्टिंग कंपनीत सकाळचा पहिला फोन बहुधा मेलचाच असतो. त्या दिवशी एका शाळेच्या ऑफिसातून होता. "सर, फीच्या पावत्या पालकांना जातच नाहीत, सगळ्या परत येतायत." परत आलेला एक मेल मागवला. ५५०-५.७.२५. जीमेलचा हा कोड दिसला की पुढचं वाचायची गरज उरत नाही. पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही, किंवा आहे पण ते नाव उलट त्याच आयपीवर येत नाही. फेब्रुवारी २०२४पासून त्यांनी हे नियमातच घातलंय.

आयपीवरून नाव शोधायची कमांड, डिग -एक्स, मारली. पीटीआर होता, नाव मात्र आम्हाला कधीच सोडून गेलेल्या एका क्लायंटचं. त्याचं डोमेन लॅप्स झालं होतं, कोणीतरी ते उचललं होतं आणि आता तिथे ऑनलाइन रमी चालू होती. शाळेच्या फीच्या पावत्या रमीवाल्याच्या नावाने निघत होत्या!

गोम अशी, की नावावरून आयपी सांगणारा ए रेकॉर्ड डोमेनवाल्याच्या हातात असतो आणि पीटीआर आयपीवाल्याच्या, म्हणजे आमच्या. क्लायंट जाताना डोमेन घेऊन जातो. आमच्या इन-ॲडर डॉट आर्पा झोनमधली (पीटीआर ठेवायच्या फाइलमधली) त्याची ओळ तशीच राहते, भाडेकरू गेल्यावर दारावर राहिलेल्या पाटीसारखी. तिचं रिन्यूअलही येत नाही, की कुणाला आठवण व्हावी.

शाळेची ओळ लगेच बदलली. टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा) ८६४०० होता, म्हणजे जुनं नाव दिवसभर कॅशमध्ये राहू शकणार. तोवर त्यांचे मेल दुसऱ्या आयपीवरून वळवले.

मग २५६ पत्त्यांचा अख्खा ब्लॉकच तपासायला घेतला. आयपीवरून नाव, नावावरून परत आयपी, जुळलं नाही की यादीत. शिवाय नाव जुळतंय, पण मशीनचं काम केव्हाच बदललंय, अशाही ओळी होत्या. साहेब म्हणाले, "सगळं उडवा आणि जेनेरिक नावं टाका." शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला ते पटेना. "आधी डेटाबेसच्या ग्रँट्स बघू," म्हणाला. ग्रँट्स म्हणजे कोणत्या मशीनवरून कोणाला आत येऊ द्यायचं, त्या परवानग्या.

आमच्या डेटाबेसच्या, म्हणजे मायएसक्यूएलच्या, युजर टेबलातला होस्टचा कॉलम उघडला आणि त्या जुळणाऱ्या ओळींपैकीच एक जुनं नाव समोर आलं. ग्रँट नावावर असली, की मायएसक्यूएल आलेल्या आयपीचं नाव उलट शोधतं, मग त्या नावाचा पत्ता पडताळतं आणि तेव्हाच आत घेतं. पीटीआर बदलला असता, तर एका दुकानाच्या साइटला भर दुपारी 'ॲक्सेस डिनाइड' मिळालं असतं आणि आम्ही पासवर्ड तपासत बसलो असतो.

त्या ग्रँट्स आधी आयपीवर केल्या, मगच झोनला हात लावला. सिरियल, म्हणजे झोनचा आवृत्ती क्रमांक, वाढवला (तो न वाढवता बदल केला की सेकंडरी, म्हणजे दुसरा नेमसर्व्हर, जुनंच उत्तर देत राहतो), रीलोड मारलं, दोन्ही नेमसर्व्हरना विचारून पाहिलं.

क्लायंट बंद करायच्या फॉर्मात आता 'पीटीआर काढला का?' अशी एक ओळ आहे. अकाउंट्सवाल्यांनी विचारलं, याचे पैसे कोणाला लावायचे?