तुम्ही विचारलंत म्हणून: "तेव्हा तुम्ही हसत कशा होतात?"

लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अगदी डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना सुद्धा मला हे विचारून झालंय. मी एअर होस्टेस. आमच्या विमानाच्या पुढच्या चाकाचा घोळ झाला त्या दिवशी कुणीतरी सीटवरून काढलेला छोटासा व्हिडिओ आहे, त्यात मी पाण्याचा ट्रे घेऊन चाललेय आणि हसतेय, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्रिचीहून शारजाला निघालेलं विमान हायड्रॉलिक बिघडल्यामुळे दोन तासांच्या वर घिरट्या घालत राहिलं तेव्हा तो परत सगळीकडे फिरला. चाकाचा घोळ झालाय हे माहीत असून हसत कशा होतात, आणि तुम्ही लोक खरं का सांगत नाही. एकदाच लिहून टाकते.

मुंबई-गुवाहाटी, ए-३२० विमान, मी केबिन क्रूची लीड होते. माझी जंपसीट, म्हणजे क्रूची घडीची खुर्ची, पुढच्या दारापाशी, म्हणजे पुढचं चाक जवळजवळ पायाखालीच. टेकऑफनंतर ते आत जातं तेव्हा एक ठोका बसतो आणि खालची वाऱ्याची घरघर बंद होते, इतक्या वर्षांत ते अंगात भिनलंय. त्या दिवशी ठोका बसला, घरघर थांबली नाही. शेजारी बसलेल्या नव्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मी हसले. पहिलं हसू ते. ती घाबरू नये म्हणून, दुसरं काही नाही.

मग कॅप्टननी बोलावून निट्स दिलं, काय झालंय, काय करणार, वेळ किती आणि वेगळं काय करायचं. चाक नीट आत जात नव्हतं, खाली घेतलं तर मागच्या दोन्हींचा हिरवा दिवा आला, पुढच्याचा येईना. हाताने हँडल फिरवून चाकं आपल्या वजनाने खाली पडू देतात, तेही झालं. टॉवरवाले म्हणाले चाक खाली दिसतंय, पण लॉक झालंय का हे दुर्बिणीतून कळत नाही ना. ए-३२० ला हवेत इंधन टाकून द्यायची सोय नाही, उतरताना वजन ६६ टनांच्या आसपास हवं, म्हणून इंधन जाळायला समुद्रावर चकरा. तुम्ही त्याला "नुसतं फिरवत होते" म्हणता. आम्ही तेव्हा कुठल्या दारापाशी कोण दणकट माणूस बसवायचा हे ठरवत होतो, पुढचं चाक मोडलं तर शेपूट वर जाते आणि मागच्या घसरगुंड्या फार उभ्या होतात, तर मागचे लोक पुढे आणि पंखावर कसे काढायचे, हे सगळं गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, पडद्यामागे, आणि पडद्याबाहेर आलं की हसायचं.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये २९ डिसेंबर १९७२ ची फ्लोरिडाची केस शिकवतात. पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून कॉकपिटमधले सगळे त्यातच गुंतले, विमान हळूहळू खाली चाललंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, १०१ माणसं गेली. चाक शाबूत होतं, बल्ब गेला होता. म्हणून आमच्यातही शेवटी सेन्सरच बिघडलेला निघाला म्हटल्यावर "मग काही झालंच नव्हतं की" असं कुणी बोललं की मला राग येतो. आणि म्हणूनच केबिनमध्ये आरडाओरडा होऊन कॉकपिटमधल्यांचं लक्ष उडू द्यायचं नाही, हे माझं काम होतं. हसणं हा कामाचा भाग आहे. कितीतरी वर्षं उत्तर देताना मी इथेच थांबायचे.

पण चौथ्या रांगेत एक आजी होत्या. साताऱ्याकडच्या, मुलगा आसामला मिलिटरीत, त्याच्याकडे निघालेल्या. आजोबा खिडकीशी, त्यांना ऐकू कमी. कॅप्टनची अनाउन्समेंट इंग्लिश आणि हिंदीत झाली. आजींना हिंदी कळत होतं हो, पण "एहतियात के तौर पर", म्हणजे खबरदारी म्हणून, हे नाही कळत. सगळ्या क्रूमध्ये मराठी मी एकटी. टोकदार, फुटणाऱ्या वस्तू काढून घ्यायच्या असतात, मी त्यांच्यापाशी वाकले आणि म्हटलं, आजी, बांगड्या काढून द्या. हिरव्या काचेच्या, पुतणीच्या लग्नात नुकत्याच भरलेल्या, घट्ट.

"का गं?"

"नियम आहे, आजी." आणि हसले.

"नियम असता तर चढतानाच काढायला लावल्या असत्यास."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गॅलीतून हँडक्रीम आणलं, मनगटाला चोळलं, एकेक सरकवत होते. हात कामाचे, सांधे जाड झालेले. एक माझ्याच बोटांत कट्कन गेली आणि त्यांच्या हातावर बारीक रेघ उठली. त्यांनी आधी आजोबांकडे बघितलं. मग "वाढली," एवढंच म्हणाल्या, हळू. आणि मग, "पोरी, आता तरी खरं सांग."

मराठीत एक वाक्य लागलं असतं. पुढचं चाक धरेल की नाही माहीत नाही आजी, म्हणून वाकून बसायचं. एवढंच. मी म्हटलं, "काही नाही हो, लगेच उतरतोय," आणि परत हसले.

त्या रात्री रिपोर्टमध्ये मी लिहिलं की प्रवासी शांत होते, सहकार्य केलं. खोटं नाही ते. पण आजी शांत होत्या की मी त्यांना काही विचारायची जागाच ठेवली नव्हती? कधी वाटतं सांगायला हवं होतं, तो त्यांचा हक्क होता, शेजारी नवरा बसलेला. कधी वाटतं त्या रडल्या असत्या तर मागच्या सहा रांगा उठल्या असत्या. दोन्ही खरं वाटतं मला, वेगवेगळ्या दिवशी.

कॅप्टननी नाक शेवटपर्यंत वर धरलं, मग इतकं हळू टेकवलं की मला कळलंच नाही. चाकाने धरलं. तसं हँडल फिरवून चाक पाडल्यावर ते वळवता येत नाही, म्हणून विमान रनवेवरच उभं राहिलं आणि शिडी तिथेच आली. पिशवीतल्या बांगड्या मी आजींना दिल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. उतरताना मी हात पुढे केला, त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या नव्या मुलीचा धरला. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता.