विश्वामित्रीच्या काठावर

बडोद्यात नदीकाठच्या सहली नेताना वारसा आणि वन्यजीव हे विषय मला वेगळे ठेवता येत नाहीत, कारण पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि सयाजीबागेला लागूनच तिच्यात मगरी नांदतात. जानेवारीतल्या एका रविवारी दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी कुटुंबांना घेऊन मी काळा घोडा, म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, येथून निघाले. १८७९ साली महाराजांनी वसवलेल्या या बागेला जुनी माणसे अजून कामाटीबागच म्हणतात.

पुलावरून मगर सर्वांआधी एका मुलाला दिसली. उतारावर आ वासून पडलेली. "ताई, मेली आहे का? दगड मारून बघू?" त्याला थांबवून मी सांगितले की, थंडीत मगर ऊन खायला बाहेर येते आणि डोके फार तापू नये म्हणून तोंड उघडे ठेवते. तेवढ्यात गटातल्या एक आजी म्हणाल्या, "२०२४च्या ऑगस्टात पुराबरोबर एक आमच्या गल्लीत आली होती. आम्ही दगड नाही मारले, वनखात्याला बोलावले."

"मग या सगळ्या पकडून शहराबाहेरच्या आजव्याच्या तलावात का सोडत नाहीत?" एका काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि उत्तराला वेळ लागणार होता. त्यामुळे कीर्तिमंदिरातील, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातील, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे, खरे तर माझा आवडता टप्पा, त्या दिवशी घाईत उरकावी लागली. मी सांगितले, मोठी मगर आपला टापू सहसा सोडत नाही. ती काठाच्या मातीत बीळ खोदते, आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्यापासून वर, कोरड्या जमिनीत खड्डा करून अंडी घालते. पिल्ले नर होणार की मादी, हेही त्या खड्ड्यातील तापमानावर ठरते. काठ दगडांनी मढवला की बीळही नाही आणि घरटेही नाही.

"पण पूर अडवायला काठ बांधायला नको का?" काका मागे हटणारे नव्हते. मी म्हटले, पुराचे पाणी पसरायला नदीची कोतरे, म्हणजे काठच्या घळी, मोकळी हवीत. ती बुजवली की तेच पाणी वस्तीत शिरते. काका क्षणभर थांबून म्हणाले, "आमची सोसायटी कोतर बुजवूनच बांधली आहे हो." पुढच्या फेरीला सोसायटीच्या सचिवांनाच घेऊन येण्याचे त्यांनी तिथेच कबूल केले.