एक्सफिग आता डॉकमधून: डिस्प्लेचा तिढा सुटला

मंडळी, जमलं! एक्सक्वार्ट्झ (मॅकवर युनिक्सचे एक्स विंडो प्रोग्रॅम दाखवणारा एक्स सर्व्हर) बंद, टर्मिनल बंद. मॅकच्या डॉकमधल्या आयकॉनवर एक क्लिक केलं आणि एक्सफिगची, म्हणजे आकृत्या काढायच्या एक्स प्रोग्रॅमची, खिडकी समोर आली. तीन संध्याकाळी यात गेल्या, पण आता हे दर वेळी चालतं.

मागच्या नोंदीत मी एक्सफिग सुरू करणारी शेल स्क्रिप्ट डॉकमध्ये ठेवता येईल अशा ॲपमध्ये गुंडाळली होती. तो रॅपर सुरुवातीला हूं की चूं करत नव्हता. त्याचं कारण नेहमीचंच. डॉकमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमला आपल्या शेलचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) मिळत नाही, त्यामुळे मॅकपोर्ट्सचं (मॅकवर युनिक्सचे प्रोग्रॅम टाकून देणारी व्यवस्था) ऑप्ट-लोकल-बिन फोल्डर त्याला दिसतच नाही. स्क्रिप्ट लॉगिन झेडशेलमध्ये चालवली, झेडप्रोफाइल (लॉगिन शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) वाचली गेली आणि एक्सफिग उघडलं. काम संपलं असं समजून झोपलो.

सकाळी आयकॉन दाबला तर काहीच नाही. दुपारी चाललं, रात्री पुन्हा ठप्प. कायमचं बिघडलेलं परवडतं, पण मध्येच चालणारं डोकं खातं. एक्सक्वार्ट्झ पुन्हा टाकलं, लॉगआउट करून आत आलो, रॅपर नव्याने बांधला. काही फरक पडला नाही.

शेवटी स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ घातली: सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारी सेटिंग) एका फाइलमध्ये लिहून ठेव. एकदा लॉगिन शेलसह चालवलं, एकदा त्याशिवाय, आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. एकीत डिस्प्लेची (एक्स सर्व्हर कुठे गाठायचा ते सांगणारं व्हेरिएबल) किंमत लांबलचक, टेम्प फोल्डरमधल्या लाँचडीच्या (मॅकवर लागतील तेव्हा सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सॉकेटचा, म्हणजे जोडणीच्या दाराचा, पत्ता. दुसरीत फक्त :०.०. तिथेच ट्यूब पेटली.

झेडप्रोफाइलमध्ये डिस्प्ले हाताने ठरवणारी एक ओळ होती, मॅकच्या टायगर आवृत्तीच्या काळापासून मशीनमागून मशीन बदलताना सोबत आलेली. तेव्हा ती लागायची. २००७ च्या लेपर्डपासून मात्र डिस्प्ले लाँचडी ठरवतं. त्या सॉकेटवर कुणी टकटक केली की एक्स सर्व्हर आपोआप उठतो. :०.० वर टकटक केली तर सर्व्हर आधीच जागा असेल तरच दार उघडतं. टर्मिनलमधून काम करताना मी सवयीने आधी एक्सक्वार्ट्झ उघडायचो, म्हणून इतकी वर्षं हे लक्षात आलं नाही. ओळ उडवली आणि प्रश्न मिटला. तुमच्याही डॉटफाइली (झेडप्रोफाइलसारख्या सेटिंगच्या फाइली) जुन्या असतील तर आधी हे तपासा.

एक्सक्वार्ट्झच्या स्वतःच्या ॲप्लिकेशन्स मेनूबद्दल काहींनी सुचवलं होतं. एक्सटर्मसाठी (एक्सची टर्मिनल खिडकी) तो छान आहे आणि माझ्याकडे राहणारच. पण त्यासाठी आधी एक्सक्वार्ट्झ उघडावं लागतं, आणि मला नेमकं तेच टाळायचं होतं.

आता पुढचे चार प्रोग्रॅम याच रॅपरने गुंडाळणार होतो. पण हे लिहिता लिहिता एक फिग फाइल (एक्सफिगमधली आकृती) आयकॉनवर टाकून पाहिली, तर एक्सफिग कोरंच उघडलं. बरोबरच आहे, टाकलेली फाइल ॲपल इव्हेंट (मॅकने ॲपला पाठवलेला निरोप) म्हणून येते आणि साध्या शेल स्क्रिप्टला तो ऐकूच येत नाही. तेव्हा बेत बदलला: रॅपरऐवजी ॲपलस्क्रिप्टचा ड्रॉपलेट (वर फाइल सोडता येते असं छोटं ॲप). त्यात 'ऑन रन' (नुसतं क्लिक केल्यावर) आणि 'ऑन ओपन' (फाइल सोडल्यावर) दोन्ही लिहिता येतात. पाथ स्क्रिप्टमध्येच दिला, म्हणजे लॉगिन शेलची गरजही संपली. फाइलच्या नावात स्पेस असतात म्हणून 'कोटेड फॉर्म' वापरला. कमांडच्या शेवटी आउटपुट आणि एरर दोन्ही डेव्ह-नलकडे (येईल ते गिळून टाकणारी फाइल) वळवून अँपरसँड (&) लावायला विसरू नका, नाहीतर एक्सफिग बंद होईपर्यंत ड्रॉपलेट अडकून बसतो.

आत्ताच करून पाहिलं. स्पेसवालं नाव असलेली फिग फाइल आयकॉनवर सोडली, मागे एक्सक्वार्ट्झ उठलं आणि माझी आकृती जशीच्या तशी पडद्यावर आली. उद्या हाच ड्रॉपलेट जीव्हीसाठी (पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ दाखवणारा एक्स प्रोग्रॅम).