एक कार्ड आणि दोन वाचक

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टेस्ट बेंचवर गेल्या पावसाळ्यात जे घडले, ते ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला जोडलेले उपकरण चालवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे मला मनापासून वाटते. पंप २१० बार दाबावर चालवून पाहणे सुरू होते. दाब, प्रवाह आणि तेलाचे तापमान मोजणारे सेन्सर संगणकातील एका कार्डाला जोडलेले होते आणि त्या कार्डाचा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरील ड्रायव्हर एका पुरवठादाराने काही वर्षांपूर्वी लिहून दिलेला होता. बेंच सांभाळणाऱ्या मामांनी नोंदणीचे बटण दाबले आणि पडद्यावरचा दाबाचा आकडा २१० वरून एकदम ४८ वर आला. दाब उतरला असे समजून एखाद्या नवख्या मुलाने जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणखी आवळला असता, तर होज फुटून गरम तेल अंगावर येण्यास वेळ लागला नसता. मामांनी मात्र आधी काट्याच्या गेजकडे पाहिले. ‘साहेब, गेज बरोबर दाखवालंय, पडदाच चुकालाय,’ असे सांगून त्यांनी पंप बंद केला.

त्या क्षणी तेलाचे तापमान ४८ अंश होते, आणि शोधाला दिशा मिळाली ती याच योगायोगातून. पडद्यावर दाब दाखवणारा एक प्रोग्राम होता आणि तापमान नोंदवणारा दुसरा, आणि दोघेही एकच डिव्हाइस फाइल (कार्डाशी बोलण्यासाठीची फाइल) वापरत होते. कोणता चॅनेल, म्हणजे कोणत्या सेन्सरचे माप, वाचायचा हे प्रोग्रामने ‘आयऑक्टल’ या सूचना देणाऱ्या कॉलने सांगायचे आणि मग रीड करायचे, अशी पद्धत होती. ड्रायव्हरचा कोड उघडून पाहिला तेव्हा निवडलेला चॅनेल आणि रिंग बफरमधील (मापे साठवणाऱ्या गोल रांगेतील) वाचनाची जागा, या दोन्ही गोष्टी संपूर्ण ड्रायव्हरसाठी असलेल्या एकाच स्टॅटिक स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या एकाच गठ्ठ्यात) ठेवलेल्या आढळल्या. त्यामुळे नोंदणीच्या प्रोग्रामने तापमानाचा चॅनेल निवडताच पडद्याच्या प्रोग्रामचाही चॅनेल बदलत होता. शिवाय एकाने वाचलेले नमुने (मोजलेली मापे) दुसऱ्याला मिळतच नव्हते. एकाच पोथीचे पारायण दोघांनी वेगवेगळ्या वेळी करावे आणि खूण मात्र एकच ठेवावी, म्हणजे दोघांच्याही ओव्या गळत जातात, तसाच हा प्रकार होता.

कार्ड एक असले तरी ते उघडणारे अनेक असू शकतात, आणि उघडणाऱ्याची माहिती कार्डाच्या माहितीपासून वेगळी ठेवावी लागते. लिनक्समध्ये प्रत्येक यशस्वी ओपनमागे (डिव्हाइस उघडण्यामागे) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ‘स्ट्रक्ट फाइल’ ही स्वतंत्र नोंद तयार करतो आणि तिच्यातील ‘प्रायव्हेट_डेटा’ हा पॉइंटर (माहितीचा पत्ता) याच कामासाठी ड्रायव्हरच्या हाती दिलेला असतो. आम्ही ओपनमध्ये प्रत्येक वाचकासाठी छोटे स्ट्रक्चर राखले, त्यात चॅनेल, वाचनाची जागा, एक म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) आणि मूळ कार्डाकडे जाणारा पॉइंटर ठेवला, आणि रिलीजमध्ये, म्हणजे फाइल सोडली जाताना, ते मोकळे केले. हे डिव्हाइस ‘मिसलेनियस’ (किरकोळ) प्रकारचे असल्याने आमचे ओपन चालण्यापूर्वीच कर्नल त्या पॉइंटरमध्ये डिव्हाइसचा पत्ता ठेवतो. तो आधी काढून घेऊन मगच आपले स्ट्रक्चर तेथे ठेवावे लागते. ओपन अपयशी ठरल्यास रिलीज कधीच बोलावले जात नाही, म्हणून चुकीच्या वाटेवरही राखलेली मेमरी ओपननेच परत करावी लागते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पारंपरिक क्लोज फक्त शेवटचा वापरकर्ता गेल्यावरच बोलावले जाते, त्यामुळे प्रत्येक ओपनची माहिती तेथे मोकळी करता येत नसे; ७.१ या आवृत्तीत आलेल्या ‘डेव्हएफएस_सेट_सीडेव्हप्रिव्ह’मध्ये माहितीसोबत ती मोकळी करणारे फंक्शनही द्यावे लागते. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते.

नवा ड्रायव्हर दोन वेगळ्या टर्मिनलमधून तपासला तेव्हा उत्तम चालला, परंतु कारखान्याचा मूळ प्रोग्राम लावताच पडद्यावर पुन्हा तापमान आले. माझा खानापूरचा तरुण सहकारी कर्नलच्या नोंदी बराच वेळ पाहत बसला होता. ‘सर, प्रोग्राम दोन चालू आहेत, पण ओपनची ओळ एकच दिसते आहे,’ असे तो म्हणाला, आणि गुंता तेथेच सुटला. नोंदणीचे बटण दाबल्यावर पडद्याचा प्रोग्राम फोर्क करत होता, म्हणजे स्वतःची प्रत (‘मूल’) तयार करत होता, आणि मुलाला बापाचाच फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) मिळत होता. फोर्कमध्ये ओपन होत नाही. दोघांचे डिस्क्रिप्टर एकाच ‘स्ट्रक्ट फाइल’कडे बोट दाखवतात, आणि म्हणून आम्ही वेगळी केलेली माहितीही पुन्हा सामायिक होते. रिलीजसुद्धा दोघांपैकी शेवटच्याने फाइल सोडल्यावरच येते. कर्नलचे हे वागणे बरोबरच आहे, ड्रायव्हरने त्याला वळसा घालू नये असे माझे ठाम मत आहे. आम्ही कारखान्याशी बोलून नोंदणीच्या प्रोग्रामला डिव्हाइस स्वतः उघडण्यास लावले.

एक प्रश्न तरीही उरला होता. नमुने घेण्याचा वेग कार्डावरच्या एकाच घड्याळावर अवलंबून असल्याने तो प्रत्येक वाचकाचा वेगळा असूच शकत नाही. तो प्रायव्हेट डेटात ठेवला असता, तर प्रत्येक प्रोग्रामला आपलाच वेग लागू आहे असा खोटा भरवसा दिला गेला असता. म्हणून वेग कार्डाच्या स्ट्रक्चरमध्येच ठेवला आणि एकापेक्षा अधिक ओपन असताना तो बदलू पाहणाऱ्याला ‘डिव्हाइस व्यग्र आहे’ ही चूक परत करण्याचे ठरवले. मामांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी वेग बदलण्याचा पर्याय नोंदणी सुरू असताना पडद्यावर दिसूच नये अशी सूचना केली, आणि प्रोग्राममध्ये तो बदल त्याच संध्याकाळी करण्यात आला.